सीटीच्या दाराशी निर्मला

निर्मला गेल्याचा फोन आला तेव्हा मी तलासरीच्या आमच्या शाळेत पाचवीच्या वर्गावर होते. तिचे यजमान, भास्करराव, मुळातच कमी बोलणारे. डहाणूच्या स्टेशनात तिकीटखिडकीवर सगळी नोकरी झाली, तरी बोलके झाले नाहीत. "शैलाताई, सकाळी गेली. झोपेतच," एवढंच म्हणाले. मी खडू खाली ठेवला. पोरांनाही सांगितलं... त्यांचीही ती बाई होती. महिना होत आला, पण डहाणूची एसटी थांबली की ती उतरेल असं मला अजून वाटतं.

वीसेक वर्षं आम्ही एका शाळेत शिकवलं. दुखणं सुरू झालं ते अपचनाच्या निमित्ताने. सोनोग्राफीत यकृतावर डाग दिसले आणि डॉक्टरांनी काँट्रास्ट सीटी, म्हणजे शिरेत रंगाचं औषध सोडून स्कॅन, करायला सांगितलं. वापीच्या सेंटरवर मी तिच्याबरोबर गेले. रंगाच्या इंजेक्शनने किडनी जाते, असं शेजारणीने तिच्या मनात भरवलं होतं. तिथल्या डॉक्टरबाई गुजराती, वयाने आमच्याहून लहान. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट बघितला, कशाची अ‍ॅलर्जी आहे का विचारलं आणि म्हणाल्या, "निर्मलाबेन, किडनी चांगली आहे तुमची. औषध गेलं की अंगभर गरम वाटेल. कपड्यात लघवी झाली असंही वाटेल, पण होत नाही." बाहेर आल्यावर निर्मला माझ्या कानाशी म्हणाली, "अगं, खरंच वाटलं. मी गाऊन चाचपून पाहिला." आम्ही दोघी तोंडावर पदर धरून हसलो.

मग डॉक्टरबाईंनी पडद्यावर चित्रं दाखवली. साध्या चित्रात सगळं एकसारखं राखाडी. औषध गेल्यावरच्या चित्रात यकृतावरचे डाग कडेने हळूहळू भरत गेलेले. तो रक्तवाहिन्यांचा गुंता होता, त्यापासून धोका नव्हता. माझा जीव भांड्यात पडला. पण त्यांचं बोट खाली सरकलं. स्वादुपिंड उजळलं होतं आणि त्यात एक छोटा ठिपका तेवढा काळा राहिला होता. औषध तिथे पोहोचलंच नव्हतं. ज्याला आम्ही घाबरत होतो ते काहीच नव्हतं, आणि जे होतं त्याची आम्हाला कल्पनाही नव्हती... ती कॅन्सरची गाठ लहान असताना सापडली, म्हणून मुंबईला ऑपरेशन होऊ शकलं.

त्यानंतर तिला दोन-अडीच वर्षं मिळाली. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या जानकीची बहीण गंजाडला असते. तिलाही हीच तपासणी सांगितली होती आणि ती तयार होईना. निर्मला तिला घेऊन गेली, मीही होते. दाराशी ती बाई थबकली.

"ते इंजेक्शन घेतलं की माणूस मरतो म्हणतात, बाई."

"मी कितीदा घेतलंय. मेलेली दिसते का?"

"तुम्हाला भ्या नाही वाटत?"

"वाटतं ना. दर वेळी वाटतं. चल."

जानकीच्या बहिणीच्या यकृतात पू झालेला निघाला, गाठ नव्हतीच. नळी घालून तो काढला आणि ती पुन्हा शेतात जायला लागली. निर्मलाने विवळवेढ्याच्या देवीला जाऊन तिच्या नावाने नारळ फोडला. मग पाड्यापाड्यांतून बायका निर्मलाकडे यायला लागल्या, "बाई, बरोबर या" म्हणून.

तिच्या स्वतःच्या शेवटच्या तपासणीत डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा, निर्मलाबेन."

"उभीच बरी. सांगा."

यकृतात नवे डाग आले होते, आणि हे निरुपद्रवी नव्हते. परतताना तिने चारोटीला गाडी थांबवायला लावली, वडापाव घेतला, एक घास खाऊन उरलेला माझ्या हातात दिला. "तेव्हा कळलं नसतं, तर एवढंही मिळालं नसतं, शैला." मी मान हलवली. पण मनातून मी चिडले होते. इतकं स्वच्छ दिसतं, मग वाचवता का येत नाही? ते अजूनही मला कुणी सांगितलेलं नाही.

परवा डहाणूला भास्कररावांकडे गेले होते, तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं. गेल्या आठवड्यात गंजाडकडची एक बाई सीटीचा कागद घेऊन दारात आली. निर्मला गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. "बाई नाहीत," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. तिला वाटलं, बाहेरगावी गेल्या असतील. मग भास्कररावच म्हणाले, "मी येतो." बायकोच्या तपासण्यांच्या वेळी ते सेंटरबाहेर चहाच्या टपरीवर थांबायचे, आत पाय टाकवत नसे. त्या दिवशी दारापर्यंत गेले. आत एसीचा गारठा असतो, म्हणून निर्मला बायकांसाठी पिशवीत एक निळी शाल ठेवायची. ती त्यांनी त्या बाईच्या खांद्यावर घातली.

निघताना तिने शाल नीट घडी करून परत केली. "बाई आल्या की त्यांना द्या."

"देतो," भास्करराव म्हणाले.

ती शाल त्यांच्या घरी दाराजवळच्या खुंटीवर आहे. त्यांनी अजून धुतलेली नाही.