नाव सापडत नाही

छत्तीसगढात, बुढापारा नावाच्या मोहल्ल्यातल्या त्या शाळेच्या ऑफिसात मला खिडकीजवळची खुर्ची दिली, ही पहिली चूक. ती माझी नव्हती, म्हणून आधी सांगून टाकतो. खिडकीतून तलाव दिसायचा. उन्हाळ्याची दुपार, आपल्याच विचारात फिरणारा पंखा, आणि पाण्यावर ऊन असं हलायचं की बघणाऱ्याच्या पापण्याही त्याच तालात मिटायला लागाव्यात. माझ्यासारख्याला अशा जागी बसवून कोणी काम सांगू नये.

काम तसं साधं होतं. कोणतं पोरगं शाळेत केव्हा आलं, केव्हा गेलं, या नोंदींची जुनी दाखिल-खारिज रजिस्टरं शाळेनं पानापानानं स्कॅन करून एका डॉक्युमेंट सिस्टिममध्ये ठेवली होती. मुलांची नावं आणि वर्षं मात्र दुसरीकडे, बडे बाबूंनी, म्हणजे शाळेच्या हेडक्लार्कनी, वर्षानुवर्षं हिंदीत टाइप केलेल्या डेटाबेसमध्ये. इकडे चित्रं, तिकडे अक्षरं, आणि दोघांची तोंडओळखही नाही. मध्ये एक कनेक्टर बसवायचा. मग इकडे नाव टाकलं की तिकडची नोंद सापडावी आणि इकडचं पान उघडावं. थोडक्यात, सोयरीक जुळवायची होती आणि मध्यस्थ मी.

पत्ता भरला, पोर्ट भरला, युजर, पासवर्ड. 'टेस्ट कनेक्शन' दाबलं. हिरवी खूण आली. हिरवी खूण पाहिली की मी विरघळतो. पुढे इकडचा कोणता रकाना तिकडच्या कोणत्या रकान्याला जोडायचा ते लिहायचं होतं. बाबूंच्या रकान्यांवर एकदा नजर टाकली होती, ती आठवून, तलावाकडे बघत बघत, सगळं लिहून काढलं. मधूनच लाल ओळी उमटायच्या. एवढ्या शांत दुपारी त्या डोळ्यात खुपत होत्या. सेटिंगमध्ये एक चौकोन होता, 'अनोळखी रकाने सोडून द्या'. त्यात टिक केली. लाल ओळी गेल्या. पंख्याचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला.

बडी मॅडम, म्हणजे मुख्याध्यापिका, यांच्यासमोर एक वर्ष टाकून दाखवलं, तर त्या वर्षाची पानं पाखरांसारखी झरझर उतरली. मॅडम खूश. त्या खुशीच्या भरात मी न मागितलेला सल्लाही देऊन टाकला की रजिस्टरं आता बांधून ठेवा, त्यांचं काम संपलं. बाबूंनी त्यांचे गठ्ठे बांधले आणि मागच्या खोलीत, तुटक्या बाकांच्या पलीकडे, छपरापर्यंत रचले.

त्यानंतर काही दिवसांनी, मी बिल घ्यायला म्हणून गेलो होतो, तर मायलेकी आल्या. पोरीला नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली होती. कागद द्यायचा तो शेवटचा दिवस, पाचच्या आत. राखीव जागेसाठी वडील याच शहरात शिकल्याचा पुरावा हवा होता. वडील आता नव्हते. होतं ते आमच्याकडचं एक पान.

"एका मिनिटात देतो," मी म्हणालो आणि बाह्या सरसावल्या.

वडिलांचं नाव टाकलं. उत्तर आलं, काहीही सापडलं नाही. आडनाव आधी टाकलं. काहीही नाही. पहिली दोन अक्षरं टाकली. तरी नाही. हिरवी खूण मात्र कोपऱ्यात हसत होती.

"कोणत्या साली होते इथं?" मी विचारलं.

"ते मले काय माहीत भाऊ? मी तवा वर्ध्याले होती," आई म्हणाली.

"गठ्ठर खोलूँ?" बाबूंनी विचारलं. मग मागच्या खोलीकडे बघून स्वतःच म्हणाले, "शाम हो जाएगी."

पोरगी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नव्हती. मुद्दामच. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची. मी स्क्रीनकडे बघून विचार करतोय असं दाखवत होतो. खरं तर डोकं रिकामं झालं होतं, आणि त्या रिकाम्या जागेत तलावाचं पाणी हळूहळू भरत होतं. काठावरच्या पायडलच्या होड्या एकमेकींना धडकून संथ वळत होत्या.

"तू नीट नाव सांग न पोट्टे त्यांले," आई म्हणाली. "पुरं नाव सांग."

"बताया ना मम्मी! कितनी बार नाम बताऊँ?"

आमच्याही घरी असंच चालतं. आई मराठीत विचारते, मी मराठीत विचारतो, आणि पोरगा हिंदीत उत्तर देतो. नाव. नाम. नाव...

मी रकान्यांचं पान उघडलं. बाबूंचा रकाना होता 'नाम'. मी लिहिलेला, 'नाव'. वर्ष दोन्ही भाषांत वर्षच, म्हणून तेवढं जुळलं होतं. अनोळखी रकान्याबद्दल कनेक्टरनं लाल ओळीत ओरडून सांगितलं होतं, तर मीच त्याचं तोंड बंद केलेलं.

बाबू खांद्यावरून वाकून बघत होते. "नाव?" ते म्हणाले. "भैया, नाव तो वहाँ मिलेगी," आणि त्यांनी खिडकीबाहेरच्या होड्यांकडे बोट दाखवलं. इतके दिवस बिचारा कनेक्टर शाळेच्या दफ्तरात होड्या शोधून राहिला होता.

पोरगी पहिल्यांदा हसली. आई नाही हसली. "हसनं मंग करा, आधी पान काढा," म्हणाली.

एक अक्षर बदललं आणि पान उघडलं. पिवळट कागद, निळी शाई, मधल्या ओळीत तिचे वडील, पहिलीत दाखल. आईनं स्क्रीनवर बोट ठेवलं. "हेच." प्रिंट काढली, मॅडमनी सही-शिक्का दिला, आणि मायलेकींची स्कूटी पुरानी बस्तीच्या गल्ल्यांकडे वळली तेव्हा पाच वाजायला फार वेळ उरला नव्हता.

मला आता निघायला हरकत नव्हती. पण पाय निघेना. डोळे मिटले की ती स्कूटी दिसायची, कधी गाईमागे अडकलेली, कधी पाण्यावरून आवाज न करता सरकणारी. कॉलेजचं फाटक जवळ आलं की पुन्हा लांब जायचं.

बाबूंचा फोन वाजला. निघताना पोरीनं त्यांचा नंबर घेतला होता.

"हव," बाबू म्हणाले. "हव... हव."

बाबूंचं हे छत्तीसगढी 'हो' एकाच सुरातलं. घराला आग लागली तरी हव, लग्न ठरलं तरी हव. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"ले लिए कागज," फोन ठेवत ते म्हणाले. "रो रही है."

"पोट्टी?"

"नहीं, मम्मी. पोट्टी चुप करा रही है. मराठी में."