खिडकीतली कोळीण

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. शिक्षिका तयार करणाऱ्या नॉर्मल शाळेची परीक्षा पास होऊन मी पिंपळगाव राजा या गावी मुलींच्या शाळेत लागले, तेव्हा मला विसावं वर्ष सरलं नव्हतं. एकच खोली, सतरा मुली. बाराखडी सगळ्यांना तोंडपाठ. पण मधलंच एखादं अक्षर दाखवलं की पहिल्यापासून सूर लावल्याशिवाय कुणाला ते ओळखता येत नसे. त्यांत एका मुसलमान विणकराची नऊ वर्षांची मुलगी होती. चार महिन्यांत ती वर्गात एक शब्द बोलली नव्हती. मी तिला मंद समजत होते. आज हे लिहितानाही लाज वाटते.

दसऱ्यानंतर एका सकाळी मुली खिडकीशी गोळा झालेल्या दिसल्या. गजांच्या बाहेर पिवळ्या पट्ट्यांचा मोठा कोळी जाळं करत होता. एकीनं झाडू उगारला होता. तो मी काढून घेतला आणि फळ्यावर लिहिलं : 'कोळी जाळे विणतो.'

"यात नाम कोणतं, क्रियापद कोणतं?"

मागून बारीक आवाज आला, "अजून नाही विणून राह्यला, बाई."

विणकराची मुलगी उभी होती.

"काऊन?" मी तिच्याच बोलीत कारण विचारलं.

"आता ताणा लावून राह्यला. बाणा भरीन, तवा विणणं."

ती पुढे येऊन बोटानं दाखवू लागली. मधून चारी बाजूंना गेलेले धागे म्हणजे ताणा. तो पुरा झाला, मग बाणा, म्हणजे आडवे धागे, भरायला कोळी गोल गोल फिरू लागला. प्रत्येक धागा चिकटवण्याआधी पायानं अंतर चाचपायचा. "माप घेते," ती हळूच म्हणाली. "माहा बाप बी असंच करते." शेवटचा फेरा पुरा होईपर्यंत एकही मुलगी खाली बसली नाही. उन्हाची तिरीप जाळ्यावर आली तेव्हा धागा न धागा चमकला.

त्या दिवसापासून मी पुस्तक बाजूला ठेवलं. रोज खिडकीतलं एक वाक्य फळ्यावर. धागा, पाय, माशी ही नामं. लटकतो, ओढतो, थांबतो ही क्रियापदं. जे डोळ्यांनी पाहिलं होतं ते अक्षरांत ओळखायला मुलींना आता पहिल्यापासून सूर लावावा लागेना. विणकराची मुलगी तर सगळ्यांच्या आधी वाचायची.

काही दिवसांनी जाळ्याशेजारी मातकट रंगाची एक पिशवी दिसली. मी लिहिलं : 'कोळ्याने अंडी घातली. तो दमला.'

"तो नाही, बाई," विणकराची मुलगी म्हणाली. "माय हाये थे."

मुली हसल्या. "कोळी शब्द पुल्लिंगी आहे," मी म्हणाले.

"मंग अंडे कोणं घातले?"

मी फडकं उचललं. 'तो दमला' पुसून 'ती दमली' लिहिलं, कोळ्याची कोळीण केली, आणि लिंगविचार मलाच त्या दिवशी पहिल्यांदा समजल्यासारखा वाटला.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा पिशवी फुटलेली होती. मोहरीहूनही बारीक पिल्लं गजांवर पसरली होती. वारा आला तसं एकेक पिल्लू पोट वर करून धागा सोडू लागलं, आणि धाग्यासकट अलगद उचललं गेलं. कपाशीच्या शेतावरून ती कुठे गेली ते दिसेनासं झालं. 

मग विणकराच्या मुलीनं आपणहून खडू उचलला. चार महिने मुकी बसलेल्या त्या मुलीनं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'पिल्ले उडाले.'

व्याकरणानं 'उडाली' हवं होतं. ती दुरुस्ती मी दुसऱ्या दिवशी केली.