दोन पातेल्यांचा गोळा

आमच्या विज्ञान केंद्रातला विजेचा गोळा मी बनवला होता. राहाता, कोल्हारच्या आठवडे बाजारांत वर्षानुवर्षं भांडी विकली, त्यातलीच दोन मोठी ॲल्युमिनियमची पातेली काठ घासून तोंडाला तोंड लावली आणि खालून रबरी पट्टा फिरवला. पोरानं प्लास्टिकच्या स्टुलावर उभं राहून गोळ्याला हात लावला की त्याचे केस साळिंदरासारखे ताठ व्हायचे. सहली त्यासाठीच यायच्या. प्रयोगही मीच दाखवायचो. गर्दी कशी धरून ठेवायची, हे मला बाजारानं शिकवलं होतं.

मग संचालकांनी एमएस्सी झालेला तरुण आणला आणि मला तिकिटाच्या खिडकीत बसवलं. पाहुण्यांसमोर शिकलेला माणूस हवा, असं त्यांचं म्हणणं. मी भांडलो, टेबलावर हात आपटला. काही उपयोग झाला नाही. तेव्हाच ठरवलं, गोळ्याची खोच कुणाला सांगायची नाही.

खोच साधी होती. पावसाळ्यात हवा दमट, म्हणून केंद्र उघडण्याआधी अर्धा तास हेअर ड्रायरनं गोळा आणि पट्टा खडखडीत वाळवायचा. दुसरं म्हणजे डोकं पारखायचं. तेलानं थापलेले केस उभे राहत नाहीत. गिऱ्हाईक हेरावं तसं मी रांगेतून कोरड्या केसांचं पोर उचलायचो. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. सौद्यात आधी तोंड उघडणारा फसतो, हे मला पक्कं ठाऊक. तरुण अडेल, विचारायला येईल, मग मी माझी जागा परत मागेन, असा माझा हिशेब.

भाद्रपदातल्या एका ओलसर सकाळी पारनेरकडच्या शाळेची सहल आली. खिडकीतून सभागृह दिसायचं. तरुणानं पहिल्या रांगेतली मुलगी बोलावली. दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, सहलीला जायचं म्हणून आईनं चोपडलेलं तेल कपाळावर उतरलेलं. पाहताक्षणीच मी ओळखलं. दहा पावलं गेलो असतो तर निभावलं असतं. गेलो नाही.

पट्टा घरघरत राहिला. मुलीनं दोन्ही हात गोळ्यावर घट्ट दाबले होते. काही जाणवतं का, असं तरुणानं विचारलं.

"न्हाई, सर."

मागून एक पोरगा म्हणाला, "सर, हिच्यात करंटच न्हाई. दुसरी घ्या."

सगळी शाळा हसली. दुसरी घेतली, तिसरी घेतली, त्याही तेल लावलेल्या. पण हसू चिकटलं ते पहिलीलाच. जाताना ती माझ्या खिडकीशी थांबली.

"काका, माझं काय चुकलं व्हतं?"

"आत सरांना विचार," मी म्हणालो.

तरुण माझ्याकडे आलाच नाही. आठवडाभर प्रत्येक सहल तशीच परत गेली. शेवटी संचालकांनी गोळा उतरवायला माणसं लावली, तेव्हा मी धावत गेलो आणि ड्रायर, तेल, सगळं एका दमात सांगून टाकलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मग आठ दिवस तोंड शिवून का बसला होतात?"

"मला कुणी विचारलं का?" मी ओरडलो.

"एका पोरीनं विचारलं होतं ना? तिच्या शाळेतल्या बाईंचा फोन आला होता."

माणसांनी हात थांबवले नाहीत. पट्टा कापला, पातेली वेगळी केली.

आता तिथं भिंतीवर पडदा आहे आणि त्यात कुठल्या तरी परक्या देशातल्या मुलीचे केस उभे राहतात. जागा माझी होती, ती हिसकावली गेली, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन. पातेली मी घरी आणली. घासलेल्या काठांमुळे त्यांवर झाकण बसत नाही. आणि तेल लावलेल्या वेण्यांची मुलगी खिडकीपाशी आली, की मी मान वर न करता तिकीट फाडून देतो.