करवंदाचं कुंपण

वसंत वारल्यापासून नंदनवन वस्तीतल्या त्या घरापुढची जागा ओसाडच पडली होती. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळायची. त्याची बायको देवकी एसटीत कंडक्टर होती. निवृत्त झाली तशी ती मुलीला, हिमानीला म्हणाली, "आता मले बाग पायजे वं. झाडाखाली बसून चहा प्यायचा हाये."

हिमानीनं मोबाइलवर चित्रं दाखवली. कुठं गालिच्यासारखी हिरवळ, कुठं जपानी पद्धतीची पांढरी खडी आणि मधोमध एकच दगड.

"हिरवळीले मे महिन्यात पाणी कुठून आणू? अन् ही खडी आपल्या उन्हात तव्यासारखी तापन."

मायलेकी कित्येक दिवस वाद घालत होत्या. शेवटी ठरलं, आधी सावली, मग शोभा. पश्चिमेला कडुनिंब, मागं लिंबू, दाटीनं जास्वंदी, मोगऱ्यातून जाणारी वाकडी पायवाट. रस्त्याकडची बाजू मोकळी, जाणाऱ्यायेणाऱ्यालाही फुलं दिसावीत म्हणून. देवकीनं चुन्यानं आखणी केली, रोपं आणून ठेवली.

रविवारी सकाळी तिचा दीर धर्मेंद्र आला. वसंतचा हा धाकटा भाऊ मागच्याच गल्लीत राहायचा. हातात पहार, सोबत दोन माणसं.

"वहिनी, जागा माझ्या भावाची हाये. इथं माझी गाडी उभी राहीन."

"घर माझ्या नावावर हाये, भाऊजी. निघा."

त्यानं कडुनिंबाचं रोप लाथेनं उडवलं. मग देवकीच्या डोळ्यांत बघत एकेक मोगरा बुटाखाली चिरडू लागला. हिमानी आडवी गेली. त्यानं तिच्या कानशिलात अशी हाणली की ती पायरीवर आपटली आणि तिचा ओठ फाटला.

देवकीनं फावडं उचललं. धर्मेंद्रनं हात आडवा घातला, पातं मनगटाच्या वर बसलं. हाड मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. त्यानं डाव्या हातानं वीट घेऊन तिच्या डोक्यात घातली. रक्त डोळ्यात उतरलं, तरी तिनं त्याच्या पाठीत दुसरा घाव घातला. तिसरा उगारला तेव्हा हिमानीनं तिच्या कमरेला मिठी मारली.

"आई, मरन तो! सोड!"

सोबतची माणसं केव्हाच पळाली होती. धर्मेंद्र मातीत बसून ओकत होता.

देवकीच्या डोक्याला टाके पडले. पोलिसात दोन्हीकडून तक्रारी झाल्या, प्रकरण कोर्टात गेलं. देवकीला जेवण गोड लागेना.

"मारताना मले बरं वाटलं," एकदा ती हिमानीला म्हणाली. "त्याचीच भीती वाटून राहिली."

आता हिमानीला उंच भिंत हवी होती, वर काचा लावलेली. देवकीनं करवंद निवडलं. माणसाच्या छातीइतकं उंच वाढणारं दाट, काटेरी कुंपण. जी बाजू मोकळी ठेवायची होती तीच आधी बंद झाली.

खड्डे खणताना एका दुपारी धर्मेंद्रची बायको सिंधूताई आली. देवकीची मूठ फावड्यावर आवळली.

"भांडाले नाही आली, बाई." सिंधूताई मातीच्या ढिगाऱ्यावरच बसली. तिनं पदर सरकवला. दंडावर जुने, पिवळे पडलेले वळ होते. "त्यायचा उजवा हात प्लास्टरमंधी हाये. तवापासून मार नाही खाल्ला मी."

देवकीनं फावडं खाली ठेवलं. एवढी वर्षं मागच्याच गल्लीत!

"काहून नाही सांगितलं?"

"कोणाले सांगू? सासरचीच मानसं तुमी." सिंधूताईनं पदर सारखा केला. "पुढच्या आठवड्यात प्लास्टर काढून राहिले."

"मंग त्याच्या आधी इकडं ये. कपडे घेऊनच ये."

ती आली. देवकीनं पायवाटेची आखणी मोडली आणि कुंपणाच्या आत, रस्त्यावरून दिसणार नाही अशा जागी बसायला दगडी बाक घातला. करवंद अजून गुडघ्याएवढंच होतं तेव्हा धर्मेंद्र फाटकाबाहेर येऊन उभा राहिला, बायकोच्या नावानं शिव्या घालू लागला. सिंधूताईच्या हातातली झारी खाली पडली. हिमानीनं पोलिसांना फोन लावला. देवकी फाटकाशी गेली. हात रिकामेच राहावेत म्हणून तिनं ते पाठीमागं घट्ट धरले होते.