मालकाची उचल

काकूंनी आयुष्यात कुणालाही माफ केलं नाही, आणि खरं सांगते, मला त्या त्यासाठीच आवडायच्या. माणूस गेला की त्याला सोशिक, प्रेमळ, क्षमाशील असं काहीबाही चिकटवायची आपल्याकडे रीतच आहे. त्यांच्या तेरवीला कुणीतरी म्हणालं, "गाय होती बिचारी!" गाय असती तर निदान शिंगं तरी दिसली असती.

आसेगावात आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी वाशीमच्या कॉलेजात अकाउंट शिकवायची, एसटीने जाऊन-येऊन, आणि संध्याकाळी घरी बारावीच्या मुलींची शिकवणी घ्यायची. भिंतीपलीकडे काकूंचं बिछायत केंद्र. लग्नाकार्याला भाड्याने जाणाऱ्या सतरंज्या, खुर्च्या, मंडपाचे पाइप आणि शंभर माणसांची भाजी शिजेल एवढाले गंज. धंदा त्यांच्या नवऱ्याने आणि धाकट्या दिराने, सुधाकरने, निम्मे-निम्मे पैसे टाकून काढलेला. काका अचानक हार्टने गेले. मूलबाळ नव्हतं. पाहुण्यांची पाठ फिरते न फिरते तोच सुधाकर ओट्यावर उभा राहून म्हणाला, "वहिनी, आता धंद्यात तुमचं काय राह्यलं? दोन टाइम जेवा आन् गंज घासा." मी ऐकलं, अख्ख्या गल्लीने ऐकलं. काकू नुसतं "बरं" म्हणाल्या आणि राख घेऊन अंगणात बसल्या. मला त्यांचाही राग आला होता तेव्हा. म्हटलं, काय ही बाई! काहीतरी बोल की!

दोन-तीन महिन्यांनी शिकवणीत मी मुलींना विचारलं, "मालकाने घरखर्चासाठी दुकानातून पाचशे रुपये उचलले. काय बदललं, सांगा." मुली मख्ख. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "रोकड घटली, आन् त्याचं भांडवल घटलं! इतकं सोपं हाय, काहून नाही सांगत व पोरीहो?" गंज घासता घासता बाईने माझा अर्धा अभ्यासक्रम पाठ केला होता.

त्याच रात्री जेवणं झाल्यावर त्या माझ्याकडे आल्या. हात कोपरापर्यंत काळे. म्हणाल्या, "मॅडम, मले थे बराबरचं शिकवा." म्हणजे समीकरण. मालमत्ता बरोबर देणी अधिक भांडवल. मी कागदावर मधोमध बरोबरच्या दोन आडव्या रेघा काढल्या. डावीकडे धंद्यात जे जे आहे ते. उजवीकडे ते कुणाचं आहे ते, आधी बाहेरच्यांची देणी आणि उरेल ते मालकांचं. दोन्ही बाजू कायम सारख्या. काकूंनी त्या रेघांवरून बोट फिरवलं. "म्हंजे दिसते थे इकडं, आन् कोनाचं हाय थे तिकडं. वस्तू सगळ्याइले दिसते मॅडम, मालकी वहीतच पाहा लागते." वीस वर्षं शिकवते आहे, मला कधी इतकं नीट सांगता आलं नाही.

सुधाकरला लिहिण्याचा भारी कंटाळा. वही लिहायचं काम वहिनीने अंगावर घेतलं तर त्याला आयतंच पाहिजे होतं. काकूंनी पहिल्याच दिवशी पाइप न् पाइप मोजला. सगळं मिळून दोन लाख चाळीस हजारांची मालमत्ता, चाळीस हजार देणं. राहिले दोन लाख, त्यातले एक लाख सुधाकरचे आणि एक लाख काकांच्या मागे काकूंचे. मग रोजचं सुरू झालं. वाशीमहून पन्नास खुर्च्या उधारीवर आल्या, इकडे खुर्च्या वाढल्या, तिकडे व्यापाऱ्याचं देणं वाढलं. इंझोरीच्या लग्नाचं भाडं आलं, इकडे रोकड वाढली, तिकडे दोघांचं भांडवल सारखं वाढलं. वरातीत आठ खुर्च्या मोडल्या, इकडेही घट, तिकडेही घट. "नाचाले खुर्च्या कायले लागतात मेल्याइले?" असं बडबडत त्या लिहायच्या.

आणि सुधाकर गल्ल्यात हात घालायचा. मोबाइल घेतला, मोटारसायकल घेतली, मित्रांना पार्ट्या दिल्या. दर वेळी काकू वही पुढे करायच्या, "भाऊजी, मालकाची सही लागते." वहीत लिहिलेलं असायचं: मालकाची उचल, इतके रुपये. तो ऐटीत सही ठोकायचा. पुढे पुढे तर सहीखाली स्वतःच 'मालक' लिहून दोन रेघा ओढायला लागला. चौकात सांगायचा, "वहिनी लय इमानदार हाय, मले मालक म्हनते!" मला धाकधूक व्हायची. एकदा विचारलं, "काकू, त्याला कळलं तर?" त्या हसल्या. "त्याले 'मालक' दिसते मॅडम. त्याच्या बाजूचं 'उचल' नाही दिसत."

चार वर्षं. मी म्हणते, चार वर्षं राग असा जपून ठेवायला किती ताकद लागत असेल! मला तर चार दिवस जमत नाही, मी भांडून मोकळी होते.

मग सुधाकरने मंगरुळपीरचं एक गिऱ्हाईक आणलं. अख्खा धंदा विकायचा आणि वहिनीला पन्नास हजार देऊन माहेरी लावून द्यायचं, असा बेत. सौद्याला गावातले दोन जाणते बोलावले, म्हणजे नंतर कुणी बोलायला नको. काकूंनी मला हाक मारली. "मॅडम, जरा वाचून दाखवा."

मी वाचलं. अगदी सावकाश वाचलं, कारण मला मजा येत होती. चार वर्षांचा नफा तीन लाख वीस हजार, म्हणजे दोघांचे एकेक लाख साठ हजार. सुरुवातीचे एकेक लाख धरून दोघांचे दोन लाख साठ. त्यातून काकूंची उचल चाळीस हजार, म्हणजे त्यांचे राहिले दोन लाख वीस. सुधाकरची उचल दोन लाख बहात्तर हजार. म्हणजे त्याचे राहिले उणे बारा हजार.

"उणे म्हंजे काय?" सुधाकरने विचारलं.

"म्हंजे तुमचं सगळं खाऊन झालं भाऊजी," काकू म्हणाल्या, "आन् वर माह्यं बारा हजाराचं खाल्लं."

तो ओरडला, वही खोटी आहे म्हणाला. एका जाणत्याने पानं उलटली. पानोपानी त्याचीच सही, खाली त्याच्याच हातचं 'मालक', दोन रेघा ओढून. गिऱ्हाईक चहा न घेताच उठलं. सुधाकरचं तोंड पाहून मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. घरी येऊन मी शिरा केला.

दुसऱ्या दिवशी सुधाकरची बायको लता हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून घेऊन आली. काकूंनी त्या परत तिच्या हातात घातल्या. "हे तुह्या नवऱ्याचं देनं हाय, तुहं नाही." बारा हजार त्यांनी सुधाकरकडूनच घेतले, महिन्याला पाचशे, समोर बसवून. सही तीच, खाली लिहायचं मात्र 'देणेकरी'. तेवीस हप्ते झाले. चोविसाव्याला त्याने नोट पुढे केली तर काकूंनी हात मागे घेतला. "राहू द्या. आज नोको." त्यानंतर तो दर महिन्याला आला आणि दर महिन्याला त्या "आज नोको" म्हणाल्या. मी म्हटलं, "काकू, आता पुरे की!" तर म्हणाल्या, "घेतले तं तो मोकळा होते व!"

मागच्या वर्षी साखरेने त्यांचे पाय गेले, मग त्याच गेल्या. जायच्या आधी बिछायत केंद्र लताच्या नावाने करून गेल्या. आता सुधाकर बायकोकडे पैसे मागतो, आणि ती त्याची सही घेते. वही मात्र काकूंनी मला दिली.

परवा सुधाकर माझ्या दारात आला. केस पिकलेत आता त्याचे. खिशातून पाचशेची नोट काढली, दोन्ही हातांनी धरली. "मॅडम, वहिनी तं गेली. तुमी तरी घ्या, आन् तेवढं खातं मिटवून टाका. झोप नाही लागत मले."

वही आतल्या टेबलावरच होती. उठून आणायला दोन मिनिटं लागली असती.

"आज नको," मी म्हणाले आणि दार लावून घेतलं.