लेनीची गाडी, आर्विडचं गॅरेज

गाडी आली तेव्हा तिच्यासाठी जागा आर्विडनेच करून दिली होती. नळजोडणीचं सामान, पाइप कापायचं टेबल, मासेमारीची छोटी होडी, सगळं गॅरेजच्या एका अंगाला सरकवून त्याने जमीन झाडून ठेवली. आर्विडच्या बायकोच्या पहिल्या सासऱ्याने, म्हाताऱ्या वोयटासने, मरताना नातीच्या नावे गाडी ठेवली होती, तेव्हा ती येणार हे ठरलेलंच होतं. आर्विड केटुनेन हा ओवासो गावातला प्लंबर, बोलायला कंजूष, उत्तरेकडच्या फिनिश लोकांतला. त्याने हूं की चूं केलं नाही.

ट्रेलरवरून ती उतरली ती सत्तर सालची ओल्ड्समोबिल, फोर-फोर-टू. त्या काळातल्या तरुणांनी जीव टाकावा अशी दांडगी गाडी. आता मात्र चाकांत हवा नव्हती, दारांच्या खालच्या कडा गंजून जाळीदार झालेल्या, आणि धान्याच्या कोठाराचं एक तुळवट पडून पुढचं बॉनेट मधोमध फुटलेलं. ते बॉनेट साधं नव्हतं. फायबरचं होतं, पुढे हवा ओढायला दोन मोठी नाकपुडीसारखी तोंडं असलेलं, आणि आता कुठे मिळत नव्हतं.

आर्विडची बायको रॉझ अंगणात आली, तिने गाडीच्या मागच्या अंगावरून हात फिरवला आणि ती हसली. तसं हसू आर्विडने इतक्या वर्षांच्या संसारात कधी ऐकलं नव्हतं. ते त्याच्या कानात बसलं.

गाडी लेनी वोयटासची. लेनी म्हणजे रॉझचा पहिला नवरा. लॅन्सिंगच्या कारखान्यात कामाला होता, देखणा, हातात पैसा खेळायला लागल्याबरोबर पहिली गाडी घेतली ती ही. मुलगी जानेल चार वर्षांची असताना तो गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेला, बर्फ फुटला, आणि संपला. त्याच्या बापाने गाडी कोठारात लावली, वर ताडपत्री टाकली आणि पुढे कुणाला हात लावू दिला नाही.

जानेल सहा वर्षांची असताना आर्विड त्या घरात आला. तिला सायकल त्याने शिकवली. टॉन्सिल काढले तेव्हा दवाखान्यात खुर्चीवर बसून राहिला तो. शाळेच्या वाद्यवृंदातली तिची तुतारी वर्षानुवर्षं गाडीत घालून ने-आण केली, आणि ती तुतारी काही ऐकण्यासारखी नव्हती. ‘मला बाबा म्हण’ असं तो तिला एकदाही म्हणाला नाही. ती आर्विड म्हणायची, त्याला ते चालायचं. निदान चालतं असं तो धरून चालला होता.

आता जानेल मोठी झाली होती, लॅन्सिंगमध्ये दातांच्या डॉक्टरकडे नोकरी करत होती. दर शनिवारी ती येऊ लागली. पूर्वी यायची तेव्हा आर्विडबरोबर कॉफी घ्यायची, त्याच्या गिऱ्हाइकांच्या गमती ऐकायची. आता थेट गॅरेजात. जेवताना आईला प्रश्न: बाबांना कुठला रंग आवडायचा? बाबा गाडी जोरात चालवायचे का? रॉझ आठवून आठवून सांगायची. आर्विड बटाटे वाढून घ्यायचा. मेलेल्या माणसाबद्दल काय बोलणार? त्याचं टक्कल पडलं नव्हतं, तो घोरत नव्हता, गुडघे दुखतात म्हणून कुरकुरत नव्हता. तो कायमचा एकतीस वर्षांचा होता आणि गाडीला टेकून उभा होता.

टेकून उभा असलेला तो फोटो जानेलने एके दिवशी खरोखरच आणला आणि गॅरेजच्या भिंतीवर, आर्विडच्या टेबलाच्या बरोब्बर वर, टाचणीने लावला.

“तुझ्या कामाला अडचण नाही ना?” तिने विचारलं.

“भिंतीला काय अडचण,” आर्विड म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून तो पाइप अंगणात कापायला लागला.

“पेट्रोलची नळी बदलायचीय, जरा हात लावशील?” तिने एकदा विचारलं.

“ज्यातून पाणी वाहतं ते नळ मला कळतात. पेट्रोलचं मला काय विचारतेस.”

“नळी ती नळीच की.”

“मग तुझं तूच कर. नळीच तर आहे.”

जानेल पुन्हा गाडीखाली शिरली. घरात जाताना आर्विडला स्वतःची लाज वाटली, पण मागे वळावंसं काही वाटलं नाही.

मग तो फोन आला. दुपारची वेळ, रॉझ कामावर, आर्विड एकटाच स्वयंपाकघरात उभ्याने सँडविच खात होता. पलीकडून कुणी हूक्स्ट्रा बोलत होता, जॅक्सन गावचा, जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारा. जानेलने बॉनेटसाठी त्याच्याकडे आपलं नाव आणि ह्या घरचा नंबर नोंदवून ठेवला होता.

“जानेल आहे का? कोण बोलतंय?”

“तिचा बाप बोलतोय.”

शब्द कसा बाहेर पडला ते त्यालाच कळलं नाही.

“हं, मग तिला सांगा, बॉनेट मिळालंय. अस्सल, सत्तरचंच, एक ओरखडा नाही. पण दुसरं गिऱ्हाईकही मागे लागलंय, तेव्हा लवकर कळवा.”

आर्विडने खिडकीतून गॅरेजकडे बघितलं. “तिला नकोय आता,” तो म्हणाला. “तिने विचार बदलला.”

“नक्की ना? पुन्हा असं मिळायचं नाही.”

“नक्की.”

फोन ठेवून त्याने सँडविच संपवलं. चव काही लागली नाही. संध्याकाळी रॉझने विचारलं, कुणाचा फोन-बिन होता का? तो नाही म्हणाला. जानेल महिनोन्‌महिने बॉनेट शोधत राहिली आणि तो तिला शोधताना बघत राहिला. सांगावंसं रोज वाटे. पण भिंतीवरचा लेनी दिसला की तो ते उद्यावर ढकले.

वसंतात जुन्या भागांचा बाजार भरला. तिथे हूक्स्ट्राच तिला भेटला. जानेल तिथून निघाली ती सरळ ओवासोला. आर्विड अंगणात होडीला रंग देत होता.

“बॉनेटवाल्याचा फोन आला होता तुला.”

आर्विडचा ब्रश थांबला.

“मला म्हणाला, तुमच्या वडिलांशी बोलणं झालं होतं. मी म्हटलं, माझे वडील मेलेत. तर तो म्हणे, असं कसं, ‘तिचा बाप बोलतोय’ असं स्वच्छ म्हणाले की.”

“त्याने विचारलं कोण बोलतंय. मी सांगितलं.”

“इतक्या वर्षांत कधी म्हणाला नाहीस. कधीच नाही. शाळेतल्या बाईंनाही ‘मी हिच्या आईचा नवरा’ असं सांगायचास. मला वाटायचं तुला नकोय मी. आणि एकदा म्हणालास ते कशासाठी, तर माझं वाटोळं करायला.”

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. गॅरेजात गेली, गाडीवर ताडपत्री ओढली, फोटो काढून घेतला आणि निघून गेली.

त्यानंतरच्या शनिवारी ती आली नाही, पुढच्याही नाही. रॉझला तिने फोनवर सगळं सांगितलं होतं. रॉझ भांडली नाही. जेवायला वाढायची आणि टीव्ही लावायची. आर्विडला गॅरेज परत मिळालं. हवं तर टेबल जागेवर आणावं, हवे तेवढे पाइप कापावेत. तो तिथे जाईनासाच झाला.

अखेर त्याने हूक्स्ट्राला फोन करून, बॉनेट ज्या गिऱ्हाइकाने नेलं त्याचं नाव काढलं. एल्डन प्रुएट, राहणार एड्रियन. आर्विड व्हॅन घेऊन गेला. प्रुएट विधुर, गप्पिष्ट. बॉनेट त्याने तळघरातल्या बैठकीच्या भिंतीवर टांगलं होतं, वर दिवे सोडून, शिकारीत मारलेल्या हरणाचं डोकं लावावं तसं.

“विकायचं नाहीये,” प्रुएट म्हणाला. “कितीही देऊ केलंत तरी नाही. पण बघा की खुशाल.”

आर्विडने बॉनेटाकडे जेमतेम बघितलं. त्याची नजर छताकडे गेली. लोखंडी पाइप सांध्यासांध्याला गंजून फुगले होते आणि खाली बादली ठेवली होती.

“ही बादली किती दिवस?”

“बायको गेली तेव्हापासून. तिला फार राग यायचा त्या बादलीचा.”

“सगळ्या घराला नव्याने पाइप घालून देतो,” आर्विड म्हणाला. “तांब्याचे. वरपासून खालपर्यंत. मला ते बॉनेट द्या.”

प्रुएटने पायाने बादली जराशी सरकवली. “एवढं काय आहे हो ह्या बॉनेटात तुमचं?”

“माझं काहीच नाही. मुलीचं आहे.”

काम संपायला उन्हाळा अर्धा गेला. गुडघे इतके दुखायचे की प्रुएट त्याला पायऱ्या चढताना हात द्यायचा. शेवटी बॉनेट गोधड्यांत गुंडाळून, व्हॅनच्या टपावर बांधून आर्विड घरी आला. रॉझ अंगणातच होती. गोधडी सुटली आणि तिने ओळखलं.

“हे करत होतास होय? मला वाटलं, माझ्यापासून लांब राहायला कामं घेतोयस.”

आर्विड दोर गुंडाळत राहिला. मग म्हणाला, “ती गाडी आली तेव्हा हसलीस तू. माझ्याकडे बघून तशी कधी हसली नाहीस.”

रॉझ अंगणात पडलेल्या एका जुन्या आंघोळीच्या टबाच्या कडेवर बसली. “अरे वेड्या. ती माझी सवत होती. रविवार तिचा, पगाराचा दिवस तिचा. हिवाळ्यात पोर खोकत असताना लेनी बाहेर तिला पुसत बसायचा. मला एकदासुद्धा चालवू दिली नाही त्याने. तुला क्लच कळायचा नाही म्हणे. मी कुढायचे, आर्विड, एका यंत्रावर जळायचे. आणि त्या दिवशी ती उतरली तर अशी वाकलेली, गंजकी, चाकं बसलेली. मला वाटलं, हिच्यासाठी रडले मी? म्हणून हसले.”

आर्विडने दोर खाली ठेवला. “मग पोरीला कधी सांगितलं नाहीस?”

“बापाची एवढीच तर एक वस्तू तिच्याकडे आहे. ती कशाला मोडू?”

बॉनेट आल्याचं रॉझनेच जानेलला कळवलं. जानेल आली, बॉनेटावरून बोट फिरवलं, आर्विडला म्हणाली, “पेट्रोलची नळी अजून ठिबकतेय.” माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. आर्विड पाना घेऊन गाडीखाली गेला. फोटो तिने पुन्हा लावला, ह्या खेपेला दाराजवळ, आणि आर्विडने तिथला खिळा स्वतः ठोकून दिला. ठोकताना लेनीच्या तोंडाकडे बघायचं त्याने टाळलं.

पानं गळायच्या सुमारास गाडी रंगून, चकाकून उभी राहिली. गडद निळी. जानेलने किल्ली आईच्या हातात ठेवली.

“मी? मला क्लच कळत नाही,” रॉझ म्हणाली.

“कोण म्हणतं?”

 रॉझ स्टिअरिंगमागे बसली. जानेल शेजारी, आणि आर्विड मागच्या सीटवर, गुडघे हनुवटीला लावून. दोनदा गाडी बंद पडली, तिसऱ्यांदा असा हिसका देऊन सुटली की आर्विडचं डोकं छताला आपटलं. रॉझ गावाबाहेरच्या रस्त्याला लागली, मक्याच्या शेतांमधून, आणि वेग वाढवतच गेली. तिचे केस उडत होते. लेक ओरडून सांगत होती, आई, सावकाश, आणि दोघी हसत होत्या.

पेट्रोल पंपावर एक म्हातारा हातातलं सोडून जवळ आला. “काय गाडी आहे. कुणाची?”

“माझ्या वडिलांची,” जानेल म्हणाली.

आर्विडला पुन्हा लेनीची असूया वाटली, पहिल्याइतकीच ताजी. त्याला वाटलं होतं प्रुएटच्या गंजक्या पाइपांबरोबर ती पण निघून गेली असेल. आता ही आपल्यालाच जन्मभर सांभाळायचीय, हे त्याला त्या अडचणीच्या सीटवर बसल्याबसल्या कळून चुकलं.

“कुणीतरी पुढची सीट वाकवा,” तो म्हणाला. “पेट्रोल मी भरतो. पाय मेलेत माझे.”