गच्चीवरचं पाणी

घोडबंदर रोडच्या एका टॉवरची मी प्रोजेक्ट मॅनेजर होते, तेव्हाची गोष्ट. गच्चीचं वॉटरप्रूफिंग नुकतंच झालं होतं. कडेने सिमेंटचा बांध घालून गच्चीवर चार बोटं पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलीने खूण करायची आणि तीन दिवस वाट बघायची, ही त्या कामाची परीक्षा. तिसऱ्या दिवशी पाणी खुणेच्या दीड बोट खाली गेलेलं.

खालच्या मजल्यावर जाऊन छत बघितलं. कोरडं ठणठणीत! मग पाणी गेलं कुठे? असल्या प्रश्नांच्या मागे लागायची मला भारी खोड. पण हॅंडओव्हर तोंडावर आलेलं, आणि डोकं तापलेलं. पाणी कोब्यात मुरलं, काम कच्चं, असं ठरवूनच मी वर आले आणि सगळ्या टीमसमोर वॉटरप्रूफिंगच्या मिस्त्रीला झापलं.

"उद्यापासून हे फोडायचं. तुमची माणसं घेऊन निघा."

"मॅडम, मे महिन्याचं ऊन आहे," एवढंच तो म्हणाला.

"मला शिकवू नका."

ज्यांच्या जमिनीवर टॉवर उभा राहत होता ते आजोबा रोज साइटवर चक्कर मारत. तरुणपणी मिठागरात राबलेले. दुपारी ते वर आले, पाण्यात बोट बुडवलं आणि माझ्याकडे बघून हसले.

"पानी खाली नय गेला, वर गेला. मिस्त्रीवर कशाला खवलतंस?"

त्यांनी रंगाचा एक रिकामा डबा मागवला, गच्चीवरच्या पाण्यातच उभा ठेवला आणि आतही बाहेरच्याइतकंच पाणी भरलं. आत-बाहेर खुणा केल्या. "उद्या बग."

मला तो पोरखेळ वाटला. तरी फोडकाम एक दिवस थांबवलं. आजोबांचा मान होताच, पण खरं सांगायचं तर आता मलाही राहवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच वर गेले. बाहेरचं पाणी अर्धं बोट उतरलेलं. डब्यातलंही अर्धं बोट. डबा उचलून बुडाला भोक आहे का तेही बघितलं. नव्हतं. म्हणजे दोन्हीकडचं पाणी उन्हानेच उडालं होतं. इतकी साधी युक्ती! मी चक्क टाळी वाजवली. मग मिस्त्री आठवला आणि माझं तोंड उतरलं. हेच तर तो सांगत होता.

तो जिन्यापाशी सामान बांधत होता. त्याची माणसं खाली टेम्पोची वाट बघत होती. मी हळूच म्हटलं, "माझं चुकलं. काम पक्कं आहे तुमचं."

त्याने थापी फडक्यात गुंडाळून पिशवीत घातली. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम, काल सगळे होते."

मी फोन काढला आणि इंजिनिअर, सुपरवायझर, मजूर, सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. कालच्याच जागी उभं राहून तेच वाक्य पुन्हा म्हटलं. या वेळी आवाज काही केल्या चढेना, म्हणून दोनदा म्हणावं लागलं.

मिस्त्रीने पूर्ण ऐकून घेतलं. मग पिशवीतून थापी बाहेर काढली.